व्हिएन्ना विद्यापीठातील ज्यू विद्यार्थिसंघ: टोपी, पट्टा आणि तलवार
१८६७ च्या राज्यघटनेने ऑस्ट्रियातील ज्यूंना समान नागरी हक्क दिले आणि त्याचा परिणाम सर्वांत आधी दिसला तो व्हिएन्ना विद्यापीठात. गॅलिशिया, बुकोविना, मोराविया आणि हंगेरीतून ज्यू तरुण शिकायला राजधानीत येऊ लागले. सरकारी खात्यांतील वरच्या जागा बाप्तिस्मा घेतल्याशिवाय सहसा मिळत नसत. डॉक्टरी आणि वकिली मात्र स्वतःच्या बळावर करता येत होती. १८८० च्या दशकात विद्यापीठातील जवळपास एक तृतीयांश विद्यार्थी ज्यू होते आणि वैद्यक शाखेत हे प्रमाण आणखी मोठे होते. थिओडोर बिलरोथ या नामवंत शल्यविशारदाने १८७६ सालच्या आपल्या वैद्यकीय शिक्षणावरील ग्रंथात हंगेरी-गॅलिशियातील गरीब ज्यू विद्यार्थ्यांविषयी तुच्छतेने लिहिले. पुढे हाच बिलरोथ ज्यूद्वेषविरोधी संघटनेत सामील झाला, पण तोवर त्याच्या पुस्तकाने ज्यूद्वेषाला विद्वत्तेची झूल चढवली होती.

या काळातील बहुतेक ज्यू विद्यार्थ्यांना स्वतःचा वेगळा संघ नकोच होता. त्यांना जर्मन व्हायचे होते. तरुण सिग्मंड फ्रॉइड आणि पुढे ऑस्ट्रियन समाजवादाचा नेता झालेला व्हिक्टर आडलर हे जर्मन विद्यार्थ्यांच्या वाचनमंडळाचे सदस्य होते; राजकीय उचापतींचा ठपका ठेवून सरकारने १८७८ मध्ये ते मंडळ बंद केले. त्याहून जहाल होत्या ‘बुर्शेनशाफ्ट’ नावाच्या जर्मन राष्ट्रवादी बंधुसंघटना. ठरावीक रंगांची टोपी, छातीवर तिरका पट्टा, बिअरच्या बैठकीतील समूहगीते आणि मुख्य म्हणजे तलवारीचे द्वंद्व हे त्यांचे जग होते. गालावरचा वार तिथे पदवीइतकाच मानाचा. कायद्याचा विद्यार्थी थिओडोर हर्झल १८८१ मध्ये ‘आल्बिया’ या अशाच संघटनेत दाखल झाला. मार्च १८८३ मध्ये रिचर्ड वाग्नरच्या स्मरणार्थ भरलेल्या विद्यार्थिमेळाव्यात त्याच संघटनेच्या हेर्मान बारने ज्यूद्वेषाने भरलेले भाषण केले, तेव्हा हर्झलने राजीनामा धाडला. संघटनेने तो विनासायास स्वीकारला. ज्यूंना दारे बंद करण्याची लाट त्याआधीच सुरू झाली होती. व्हिएन्नाच्या ‘लिबेर्टास’ने १८७८ मध्येच तसा ठराव केला होता.

‘कदिमा’ या ज्यू विद्यार्थी संघटनेचा जन्म याच वातावरणातला. १८८२ च्या अखेरीस नाथान बर्नबाउम, रूबेन बीरर आणि मोरित्झ श्निरर यांनी ती स्थापन केली आणि १८८३ मध्ये तिला सरकारी मान्यता मिळाली. नाव सुचवले ते व्हिएन्नात राहून हिब्रू नियतकालिक चालवणाऱ्या पेरेत्झ स्मोलेन्स्किनने. रशियात १८८१ पासून ज्यूंवर हल्ले चालू होते आणि ओडेसाचा डॉक्टर लिओन पिन्स्करने ‘आत्ममुक्ती’ या पुस्तिकेत ज्यूंनी स्वतःला राष्ट्र मानावे, असे मांडले होते. कदिमाने हाच विचार उचलला आणि ज्यूंनी जर्मनांत विरघळून जाण्याला उघड विरोध केला. त्यावर सर्वांत जास्त संतापले ते जर्मन विद्यार्थी नव्हेत, तर सुस्थितीतील ज्यू घराण्यांतले. राजधानीत स्थिरावलेल्या ज्यूंना गॅलिशियातून आलेल्या या मुलांचा आवाज आपल्या सुरक्षिततेवरचे संकट वाटत होता. त्यांची भीती अगदीच निराधार म्हणता येत नाही. मात्र गप्प राहिल्याने ते संकट टळणार होते, असेही दिसत नाही.

कदिमाची सुरुवात व्याख्यानांनी आणि हिब्रू व ज्यू इतिहासाच्या अभ्यासाने झाली. बर्नबाउमने १८८५ मध्ये नियतकालिक काढले आणि त्यातूनच १८९० मध्ये ज्यू राष्ट्रवादासाठी ‘झायोनिझम’ ही संज्ञा रूढ केली. पण दशकभरात अभ्यासमंडळाचे रूप पालटले. सदस्यांनी रंगीत टोपी व पट्टा धारण केला, तलवारबाजी शिकायला घेतली आणि अपमान करणाऱ्याला आव्हान देण्याची रीत स्वीकारली. ज्या जगाने हाकलले त्याचेच रीतिरिवाज उचलण्यातली विसंगती उघड आहे. तरीही हा निर्णय निव्वळ अनुकरणाचा नव्हता. त्या विद्यापीठात आत्मसन्मानाची भाषा तलवारीचीच होती, आणि ज्यू भित्रा असतो हा समज तिथल्या तिथे खोडणे युक्तिवादाला जमणारे नव्हते. ज्यू विद्यार्थी इतके तरबेज झाले की प्रतिपक्षाला नवी पळवाट शोधावी लागली. मार्च १८९६ मध्ये जर्मन राष्ट्रवादी संघटनांनी ‘वाइडहोफेन ठराव’ जाहीर केला: ज्यूला जन्मतःच अब्रू नसते, म्हणून त्याचे आव्हान स्वीकारण्याचे कारण नाही. व्हिएन्नातच वैद्यक शिकलेल्या लेखक आर्थर श्नित्झलरने आत्मचरित्रात या ठरावाचे खरे कारण सांगितले आहे. ज्यू तलवारबाज धोकादायक ठरू लागले होते, ते त्याच्या नजरेतून सुटले नाही.

त्याच वर्षी फेब्रुवारीत हर्झलचे ज्यूंसाठी स्वतंत्र राज्य मागणारे ‘ज्यू राष्ट्र’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. व्हिएन्नाचे मुख्य रब्बी मोरित्झ ग्युडेमान यांनी त्याला लेखी विरोध केला; कदिमाच्या तरुणांनी मात्र हर्झलच्या दारी जाऊन मदत देऊ केली. १८९७ मध्ये बाझेलला भरलेल्या पहिल्या झायोनिस्ट परिषदेच्या तयारीत आणि नंतर चळवळीच्या कचेरीत राबणारे पहिले कार्यकर्ते याच मंडळींतले होते. तोवर व्हिएन्नात ‘इव्रिया’, ‘उनितास’ असे आणखी संघ निघाले होते आणि चेर्नोव्हित्समध्ये १८९१ पासून ‘हास्मोनेआ’ काम करत होती. प्रागमधील ‘बार कोखबा’ने वेगळी वाट धरली. तिथे द्वंद्वाऐवजी आत्मशोधाला महत्त्व होते. तत्त्वचिंतक मार्टिन बूबरची ज्यूपणावरील व्याख्याने याच मंडळाने घडवून आणली. व्हिएन्नाच्या संघांत वैचारिक खोली तुलनेने कमी होती, संघटनेची शिस्त अधिक. बर्नबाउम स्वतः पुढे झायोनिझमपासून दूर गेला, यिडिश भाषेचा पुरस्कर्ता झाला आणि अखेरीस सनातनी धर्मनिष्ठेकडे वळला.

पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्ना विद्यापीठात जर्मन राष्ट्रवादी आणि ज्यू विद्यार्थ्यांतील मारामाऱ्या नित्याच्या झाल्या. विद्यापीठाच्या आवारात शिरण्यास पोलिसांना परंपरेने मज्जाव असे, त्यामुळे आत ज्यू विद्यार्थ्यांना मारहाण होताना पोलीस पायऱ्यांखाली उभे राहत. ज्ञानाच्या स्वातंत्र्यासाठी मिळवलेली स्वायत्तता अशी गुंडांच्या कामी आली. १९३० मध्ये विद्यापीठाने ‘वंशा’नुसार विद्यार्थ्यांची विभागणी करणारा नियम केला, पुढच्याच वर्षी घटना न्यायालयाने तो रद्द केला, तेव्हा आवारात पुन्हा दंगल झाली. ज्यू संघांना या काळात नवे सदस्य मिळत राहिले. पुढे लेखक म्हणून गाजलेला आर्थर कोस्लर १९२२ मध्ये ‘उनितास’मध्ये आला आणि चार वर्षांनी पॅलेस्टाइनला गेला. फ्रॉइडचा मोठा मुलगा मार्टिन कदिमात होता. जर्मन वाचनमंडळापासून सुरुवात केलेल्या फ्रॉइडने ऐंशीव्या वर्षी, १९३६ मध्ये, कदिमाचे मानद सदस्यत्व स्वीकारले.

मार्च १९३८ मध्ये ऑस्ट्रिया जर्मनीत विलीन होताच हे सर्व संघ मोडीत काढण्यात आले. विद्यापीठातून २,७०० हून अधिक अध्यापक आणि विद्यार्थी हाकलले गेले, त्यांतले बहुसंख्य ज्यू होते. शिक्षण संपत आलेल्या काही ज्यू विद्यार्थ्यांना त्या वर्षी पदवी मिळाली, पण जर्मन राज्यात व्यवसाय करण्यास मनाई असल्याची अट घालूनच.