नामानाची सातवी बुडी



अराम देशाचा सेनापती नामान याची गोष्ट आपण मिस्सामध्ये अनेकदा ऐकली आहे (२ राजे ५). कुष्ठरोग झालेल्या नामानाला संदेष्टा अलीशाने निरोप पाठवला की, यार्देन नदीत सात वेळा स्नान कर. नामानाला राग आला. संदेष्टा स्वतः भेटायलाही आला नाही, आणि दिमिष्कच्या नद्या काय वाईट होत्या? आज्ञा कठीण असती तर त्याने ती आनंदाने पाळली असती. ती साधी होती, म्हणून तिचा अपमान वाटला. शेवटी चाकरांनी समजूत घातली, आणि तो सातही वेळा बुडाला. सहाव्या बुडीनंतर कंटाळून तो बाहेर आला असता तर?

कुष्ठरोग आपल्या अमरावती जिल्ह्याला परका नाही. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ साली अमरावतीत तपोवन सुरू केले. परतवाड्याजवळ कोठारा येथे मिशनचे रुग्णालय आहे. एक गोष्ट आधीच स्पष्ट करू या : आजार ही पापाची शिक्षा नव्हे. जन्मांधाविषयी विचारणाऱ्या शिष्यांना प्रभूने हेच सांगितले (योहान ९). परंतु या रोगाच्या उपचारातून आपल्याला शिकता येते.

१९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचार सुचवला. त्याने हा रोग पूर्ण बरा होतो. गोळ्यांचे पाकीट २८ दिवसांचे असते, आणि रोगाच्या प्रकाराप्रमाणे अशी सहा किंवा बारा पाकिटे घ्यावी लागतात. चट्टा फिका दिसू लागला की रुग्णाला वाटते, झाले बरे! पण औषध मध्येच सोडले तर रोग पुन्हा डोके वर काढू शकतो. पाय बधिर झालेल्या रुग्णाला डॉक्टर आणखी एक सांगतात : रोज पाय तपासा. कारण काटा रुतला तरी त्याला कळत नाही.

कोणी विचारील, आज्ञा इतक्या काटेकोरपणे पाळणे ही गुलामी नव्हे का? देवाने आपल्याला बुद्धी दिली आहे ना? संत थॉमस अक्वायनस यांनी याचे उत्तर दिले आहे. त्यांच्या मते नियम म्हणजे सर्वांच्या हितासाठी, ज्याच्यावर समाजाची काळजी सोपवली आहे त्याने घालून दिलेली विवेकाची व्यवस्था. म्हणजे आज्ञा बुद्धीच्या विरुद्ध नाही. मात्र ‘सर्वांचे हित’ या शब्दांपाशीच आपली अडचण सुरू होते. औषधाने माझे भले होते. देवाच्या आज्ञेने पुष्कळदा शेजाऱ्याचे भले होते, आणि खर्च माझा होतो.

वऱ्हाडात कापसाची वेचणी किलोवर असते. दिवसभर वाकून वेचलेला कापूस संध्याकाळी काट्यावर चढतो. माप खरे असावे, अशी आज्ञा आहे (लेवीय १९). गरिबाची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, अशीही आज्ञा आहे (अनुवाद २४). आपण खून करत नाही, मूर्तिपूजा करत नाही, रविवारी मिस्सा चुकवत नाही. मग अर्ध्या किलोचे काय एवढे? पण तीच आपली सातवी बुडी असते. बधिर पायाला रुतलेला काटा कळत नाही, तसा बधिर मनाला मारलेला काटा कळत नाही.

काळजीपूर्वक आज्ञापालन म्हणजे परुश्यांचा काटेकोरपणाही नव्हे. ते पुदिना, शेप आणि जिऱ्याचा दशांश मोजून देत, पण न्याय, दया व विश्वास विसरत (मत्तय २३). प्रभूने त्यांना लहान गोष्टी सोडायला सांगितले नाही, तर मोठ्या गोष्टी सोडल्याबद्दल दोष दिला. आपल्याला सोयीच्या तेवढ्याच आज्ञा आपण निवडू लागलो, की मग आपण देवाचे ऐकत नसतो, स्वतःचेच ऐकत असतो.

म्हणून या आठवड्यात रोज रात्री झोपण्यापूर्वी पाच मिनिटे आपले मन तपासू या. मी सहज पाळतो त्या आज्ञा बाजूला ठेवू या. मी कोणती टाळतो, आणि माझ्या टाळण्यामुळे कोणाचे नुकसान होते? त्याचे देणे असेल तर आधी ते देऊ या, आणि मग पापनिवेदनाला येऊ या. आम्ही धर्मगुरूही यातून सुटलेलो नाही. आम्हालाही हाच प्रश्न आहे, आणि आमच्यासाठीही प्रार्थना करा.