दोन ठिपक्यांमधली रेघ
रेषालेखातले ठिपके मोजलेले असतात. त्यांना जोडणारी रेघ मोजलेली नसते. चार्ट.जेएस या आलेख काढणाऱ्या जावास्क्रिप्ट लायब्ररीला सकाळी सहाचे तापमान २२ आणि दुपारी बाराचे ३१ दिले, की ती मधल्या सहा तासांवरून सरळ रेघ ओढून मोकळी होते. नऊ वाजता तापमापक कोणी पाहिलेलाच नसतो. मग ही रेघ ज्ञान की कल्पना?

हा वाद भारतीय दर्शनांत जुनाच आहे. बौद्ध क्षणिकवाद्यांच्या मते खरे ते क्षणच. सातत्य मनाने रचलेले, दिव्याची ज्योत एकच भासते तसे. न्याय दर्शनाच्या अनुयायांना, म्हणजे नैयायिकांना, हे मान्य नाही. ‘हाच तो’ अशी ओळख पटते, त्याअर्थी वस्तू टिकून असते. तापमानापुरते नैयायिकांचे पारडे जड आहे. दुकानाच्या रोजच्या विक्रीत मात्र सोमवार आणि मंगळवार यांच्यामध्ये काहीच नसते. तिथे स्तंभालेखच बरा.

चार्ट.जेएसमध्ये रेघेचे ‘टेन्शन’ वाढवले की रेघ गोलाई घेते आणि कधी दोन्ही आकड्यांच्या खाली उतरते, म्हणजे न झालेली घसरण दाखवते. ‘मोनोटोन’ पर्यायात हे टळते.

नोंदच नसेल तिथे ‘नल’ दिल्यास रेघ तुटते. ‘स्पॅनगॅप्स’ चालू केल्यास ती खाडा ओलांडते. शून्य ही वेगळी गोष्ट. वैशेषिक परंपरेने पुढे अभावालाही स्वतंत्र पदार्थ मानले. शून्य म्हणजे अभाव पाहिल्याची नोंद, ‘नल’ म्हणजे पाहिलेच नाही. घाईत दोन्हींसाठी शून्यच भरले जाते आणि रेघ उगाच तळाला जाऊन परत येते.