घर घेणाराचें मन

‘घर पाहावें बांधून, लग्न पाहावें करून’ ही म्हण आपल्याकडे बहुधा खर्चाची भीति घालण्यासाठीं वापरतात. आम्हांस तींत दुसराहि एक अर्थ दिसतो. ज्या दोन गोष्टी केल्याखेरीज समजत नाहींत, त्या मनुष्य बहुधा आयुष्यांत एकदांच करतो. म्हणजे अनुभव हातीं येतो तेव्हां त्याचा उपयोग संपलेला असतो. भाजी आपण रोज घेतों. आज वांगीं किडकीं निघालीं तर उद्यां दुसऱ्या गाळ्यावर जातों. सदनिका घेणाराला हें ‘उद्यां’ नसतें. उलट मेजापलीकडे बसलेला विक्रेता हाच व्यवहार वर्षानुवर्षें करीत आलेला असतो. एकाची पहिली परीक्षा आणि दुसऱ्याची रोजची तालीम, असा हा सामना आहे. अशा स्थितींत खरेदीदार निर्णय करतो म्हणजे नेमकें काय करतो, आणि त्या निर्णयाचा धनी त्याला कितपत म्हणावें, हा प्रश्न केवळ अर्थशास्त्राचा नव्हे, नीतीचाहि आहे.

अर्थशास्त्राच्या जुन्या पाठ्यपुस्तकांतून जो ग्राहक भेटतो तो मोठा शहाणा असतो. तो लाभहानि तोलतो आणि मगच खिशांत हात घालतो. प्रत्यक्षांतला गृहस्थ मंडईंत दोन रुपयांसाठीं पाव तास घासाघीस करतो, आणि त्याच संध्याकाळीं मोटार ठेवण्याच्या जागेपोटीं करारांत दोन लाख वाढले तर ‘एवढ्यांत तेवढें’ म्हणून मान डोलावतो. रुपया तोच, पण मोठ्या आंकड्याच्या सावलींत तो लहान दिसूं लागतो. ट्वर्स्की आणि काहनेमन या मानसशास्त्रज्ञांनीं १९८१ सालीं हेंच दाखवून दिलें. १५ डॉलरांच्या गणकयंत्रावर ५ डॉलर वाचत असतील तर २० मिनिटांवरच्या दुकानीं जाण्यास शेंकडा ६८ लोक तयार झाले. यंत्राची किंमत १२५ डॉलर सांगतांच तेवढ्याच ५ डॉलरांसाठीं शेंकडा २९ च.

याहून बोधक प्रयोग १९८७ सालचा, नॉर्थक्राफ्ट आणि नील यांचा. अमेरिकेंतील टूसॉन शहरीं एक घर विद्यार्थ्यांना आणि घरांच्या अनुभवी दलालांना दाखविण्यांत आलें. माहितीचें बाड सर्वांस सारखेंच. मात्र मागणीची किंमत निरनिराळ्या गटांना निरनिराळी सांगितलेली. ज्यांना ती अधिक सांगितली त्यांनीं घराचें मोल अधिक ठरविलें. दलालहि याला अपवाद ठरले नाहींत. परंतु त्या किंमतीचा विचार आपण केला, असें त्यांपैकीं फारच थोड्यांनीं कबूल केलें. आम्हांस हा शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दुसऱ्यानें फसविणें हें जुनें दुःख आहे, आणि त्यावर कायदे आहेत. आपल्यावर कशाचा परिणाम झाला हेंच न ओळखणें आणि मागाहून स्वतःला सभ्य कारणें पुरविणें, यावर दाद कोठें मागावी? येथें वादी व प्रतिवादी एकच असतो, आणि साक्षीदारहि तोच.

‘लोकांना दाखविण्यासाठीं घरें घेतात’ असा शेरा मारून उपदेशक मोकळे होतात. आम्हांस हा शेरा उथळ वाटतो. पुण्यामुंबईंत स्वतःचें घर नसलेल्या मुलाचें लग्न जुळतांना काय अडचणी येतात, हें ज्यांच्या घरीं उपवर मुलगा आहे त्यांना विचारावें. आणि जो म्हातारपणींहि अकरा महिन्यांच्या कराराकडे डोळे लावून बसतो, दर वेळीं बिऱ्हाड हलवितो, त्याला स्थैर्याची ओढ म्हणजे डौल आहे असें सांगणें क्रूरपणाचें आहे. निवाऱ्याची इच्छा खरीच आहे. गडबड होते ती त्या इच्छेच्या कडेला. दोन खोल्यांची गरज घेऊन निघालेला मनुष्य तीन खोल्यांची सदनिका ठरवून परततो, आणि ती तिसरी खोली मुलाच्या अभ्यासासाठीं आहे हें त्याला घरीं पोहोंचल्यावर सुचतें.

मुहूर्ताची थट्टा करण्याची आमच्या वर्गाला संवय आहे. परंतु पितृपक्षांत विसार द्यावयाचा नाहीं असा ज्यांच्या घरचा दंडक असतो, त्यांना अनायासें पंधरा दिवस विचाराला मिळतात. पाडव्याच्या सवलतीची मुदत घालणारा व्यापारी हेंच शस्त्र उलटें फिरवितो, ही गोष्ट निराळी.

आतां कर्जाकडे येऊं. हल्लीं ‘किंमत किती’ हें कोणी विचारीत नाहीं. ‘हप्ता किती’ असें विचारतात. ५० लाखांचें कर्ज ९ टक्क्यांनीं २० वर्षांकरितां घेतलें तर मासिक हप्ता सुमारें ४५,००० रुपये, आणि एकूण फेड सुमारें १ कोटि ८ लाख. मुदत ३० वर्षें केली कीं हप्ता सुमारें ४०,२०० वर उतरतो, फेड मात्र १ कोटि ४५ लाखांच्या घरांत जाते. महिन्याचे पांच हजारांहूनहि कमी वांचविण्यासाठीं सुमारें ३७ लाख अधिक भरावयाचे, हें त्रैराशिक शिकलेल्या माणसाला कळूं नये असें नाहीं. पण या हिशेबांत न येणारी एक रक्कम आहे, आणि खरा प्रश्न आमच्या मतें तेथेंच आहे. कचेरींत खोट्या कागदावर सही करण्याची वेळ आली तर राजीनामा फेंकण्याची ताकद पस्तिशींतल्या माणसांत असावी, अशी आपली अपेक्षा असते. पहिल्या तारखेला हप्ता भरावयाचा असला म्हणजे ही ताकद कोठें जाते? तो भित्रा असतो असें नव्हे. त्यानें आपल्या निर्भयतेचा कांहीं भाग त्या तिसऱ्या खोलीपायीं आधींच गहाण टाकलेला असतो, आणि बँकेच्या कागदांत या तारणाची नोंद नसते.

२०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानें पुष्कळ चांगलें केलें. चटई क्षेत्राची व्याख्या ठरली. करार नोंदविल्याशिवाय किंमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास मनाई झाली. खोट्या जाहिरातीवर विसंबून नुकसान झालें तर भरपाई मागतां येऊं लागली. कायदा खोटें बोलणाराला पकडतो. नमुन्याच्या सदनिकेंत आंखूड पलंग आणि मोठे आरसे मांडणारा कोणतेंहि खोटें वाक्य बोललेला नसतो.

त्या नमुन्याच्या सदनिकेंत पुरुषमंडळी चौरस फुटाचा दर बोलत असतात, तेव्हां घरांतली वृद्ध बाई विचारते, ‘पाणी किती वेळ येतें? ओटा कोणत्या दिशेला?’ त्या खोलींत विचारलेल्या प्रश्नांपैकीं आम्हांस हेच दोन खरे वाटतात, आणि त्यांनाच उत्तर हंसून दिलें जातें. महाराष्ट्रांत २०२१ पासून केवळ स्त्रीच्या नांवें घर घेतल्यास मुद्रांक शुल्कांत १ टक्का सूट मिळते. साठ लाखांच्या घरावर हे साठ हजार होतात. तेवढ्याकरितां सुनेचें नांव करारावर चढतें. ओटा कोणत्या दिशेला हवा, हें तिला कोणीं विचारलेलें असतेंच असें नाहीं.