फोन किती आणि किती लांब?

मागच्या दिवाळीत अर्थशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी एका लेखात सॅम पित्रोदांचे जिवंतपणीच श्राद्ध घातले. प्राध्यापक माझे जुने स्नेही आहेत. त्यांचे नाव देत नाही, कारण दिलेले त्यांना आवडेल. त्यांचे म्हणणे असे : भारतात टेलिफोन आणला तो बाजाराने. 1995 साली मोबाइल आला, स्पर्धा लागली, दर कोसळले आणि सरकारी खात्याला पन्नास वर्षांत जे जमले नाही ते कंपन्यांनी दहा-बारा वर्षांत करून दाखवले. पित्रोदांच्या वाट्याला फार तर रस्त्यावरची एसटीडी-पीसीओची एक पिवळी पाटी येते. बाकी सगळी काँग्रेसची जाहिरात. पुरावा म्हणून त्यांनी रॉबर्ट जेन्सन यांचा केरळच्या मच्छीमारांवरचा 2007 सालचा अभ्यास पुढे केला आहे. किनाऱ्यावर मोबाइल पोहोचला तशी बंदराबंदरांतली भावाची तफावत घटली आणि गिऱ्हाइकाअभावी मासळी समुद्रात फेकून देणे थांबले. अभ्यास उत्तम आहे. प्राध्यापकांनी तो वाचलाही असावा.

लेखाचा शेवट मात्र अर्थशास्त्राने होत नाही. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत पित्रोदांनी आधी अमेरिकेतल्या वारसा कराचा दाखला देऊन स्वतःच्याच पक्षाला अडचणीत आणले. मग देशाच्या विविधतेचे कौतुक करताना ते म्हणाले की पूर्वेकडचे भारतीय चिन्यांसारखे दिसतात, पश्चिमेकडचे अरबांसारखे, दक्षिणेकडचे आफ्रिकनांसारखे. 8 मे रोजी इंडियन ओव्हरसीज काँग्रेसचे अध्यक्षपद गेले. जून संपायच्या आत ते परतही मिळाले. असल्या माणसाला द्रष्टा म्हणायचे काय, असा प्राध्यापकांचा सवाल आहे. जिभेचा आणि टेलिफोन एक्स्चेंजचा हिशेब वेगळा ठेवावा, एवढेच मी तूर्त म्हणतो. तूर्त, कारण पुढे मलाच ते दोन्ही हिशेब जोडावे लागणार आहेत.

मी हे भिलाईच्या वैशाली नगरातून लिहितो आहे. पोलाद कारखान्याच्या आखीवरेखीव सेक्टरांपासून रुळांच्या पलीकडे, सुपेल्याच्या बाजूला ही वस्ती आहे. इथून पाहिले की पित्रोदा शिकागोचे वाटत नाहीत, शेजारचे वाटतात. रायपूरला गाडी बदलून महासमुंद, खरियार रोड, कांटाबांजी करत पुढे गेले की ओडिशातले टिटलागढ येते. दगड तापावेत तशा उन्हासाठी कुप्रसिद्ध असलेल्या या गावात एका गुजराती सुतार कुटुंबात 1942 साली सत्यनारायण गंगाराम पित्रोदांचा जन्म झाला. मुलगा गुजरातेत शिकला, बडोद्याहून भौतिकशास्त्र घेऊन 1964 साली अमेरिकेला गेला. शिकागोत अभियांत्रिकीची पदवी, मग जीटीई या टेलिफोन कंपनीत नोकरी, 1974 पासून वेस्कॉम. तिथे त्यांनी कॉल जोडणारे डिजिटल स्विच घडवले, 1980 साली रॉकवेलने कंपनी विकत घेतली आणि पित्रोदा श्रीमंत झाले. 1975 सालची त्यांची इलेक्ट्रॉनिक डायरी ही पुढे जगभर खिशात फिरलेल्या यंत्रांची पूर्वज. इथवरची कथा एखाद्या हुशार स्थलांतरिताची आहे, तशा पुष्कळ आहेत.

वेगळी कथा 1984 साली सुरू होते. तेव्हा देशात शंभर माणसांमागे अर्धा फोनही नव्हता. प्रतीक्षायादीत वर्षे जात, पैसे भरून नंबर पुढे सरकवण्याची सरकारी योजनाच होती, आणि फोन ही चैन आहे असे राज्यकर्त्यांना प्रामाणिकपणे वाटत असे. त्या वर्षी देशी टेलिफोन एक्स्चेंज घडवण्यासाठी सी-डॉट ही सरकारी संस्था निघाली. छत्तीस महिने आणि छत्तीस कोटी रुपये असा करार. पित्रोदांचा पगार वर्षाला एक रुपया. मराठी वाचकाने इथे दोन घटका थांबावे. सी-डॉट पित्रोदांनी एकट्याने उभी केली नाही. टेलिफोन खात्यातून आलेले जी. बी. मीमांसी होते, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डिजिटल स्विचवर आधीपासून काम करणारे एम. व्ही. पिटके होते, आणि शेकडो तरुण अभियंते होते. पिटक्यांवर आपल्याकडे किती लिहिले गेले? महापुरुष खोटे ठरवायला निघालेल्या प्राध्यापकांनीही त्यांचे नाव घेतलेले नाही. मूर्ती फोडणारा आणि मूर्ती बसवणारा, दोघांनाही एकच मूर्ती लागते.

सी-डॉटने मुदत पाळली नाही, असा आरोप आहे आणि तो खरा आहे. शहरांसाठीचे मोठे एक्स्चेंज छत्तीस महिन्यांत हाती आले नाही. पण खेड्यासाठीचे 128 लाइनींचे एक्स्चेंज आले. 1986 साली ते बेळगाव जिल्ह्यातल्या कित्तूरला, चेन्नम्मा राणीच्या गावात बसले. त्याची रचना पाहण्यासारखी आहे. परदेशी एक्स्चेंज मोठी होती, त्यांना थंड खोली लागे आणि ती यंत्रे पाश्चात्त्य सवयीवर बेतलेली होती : घरोघरी फोन, प्रत्येकावर तुरळक बोलणे. आपल्याकडे उलटे होते. फोन थोडे, पण एकेका फोनवर अख्खी गल्ली बोलायची. म्हणजे लाइनी कमी आणि प्रत्येक लाइनीवर झुंबड. शिवाय धूळ, आणि विजेचा भरवसा नाही. वातानुकूलनाशिवाय तग धरणारे, थोड्या लाइनींवर पुष्कळ कॉल पेलणारे छोटे यंत्र बनवणे म्हणजे समाजाचे बारीक निरीक्षण धातूत उतरवणे होय. मच्छीमाराच्या हातात मोबाइल देणाऱ्या बाजारापाशी हे निरीक्षण नव्हते. त्याला त्याची गरजही नव्हती, कारण तो दहा वर्षे उशिरा आला.

दुसरी गोष्ट पिवळ्या पाटीची. प्राध्यापक तिला हसतात. शंभर माणसांमागे किती फोन, या आकड्याला टेलिडेन्सिटी म्हणतात, आणि सगळे जग तो आकडा मोजत होते. पित्रोदांचा आग्रह होता की गरीब देशाने आधी फोनपर्यंतचे अंतर मोजावे : माणसाला किती चालावे लागते? फोन घरात नको, कोपऱ्यावर हवा, आणि त्याच्यापाशी एक माणूस हवा. नाणे टाकायचे सरकारी डबे गिळलेली नाणी परत देत नसत. एसटीडी-पीसीओचा मालक मात्र कमिशनवर जगत असे. लाइन मेली की त्याचा धंदा मेला, म्हणून तो तिला मरू देत नसे. दुरुस्तीचे खाते त्याच्या पोटात बसवले होते. अपंगांना, माजी सैनिकांना हे बूथ देताना प्राधान्य असे. भिलाईसारख्या गावात, जिथे निम्मे लोक कुठून तरी कारखान्यासाठी आलेले, रात्री उशिरा दर पाव झाला की सुपेल्याच्या बूथबाहेर रांग लागे. नागपूरला आई, विशाखापट्टणमला सासर, कोल्लमला भाऊ. काचेच्या खोपटात लाल आकडे पळत असत आणि बोलणारा त्यांच्याकडे पाहत वाक्ये आखूड करी.

इथे मला इव्हान इलिच आठवतो, आणि आठवला की मी त्याला लवकर सोडत नाही. व्हिएन्नात जन्मलेला, मेक्सिकोत स्थिरावलेला हा पाद्री. शाळा शिक्षण मारते, रुग्णालये आरोग्य मारतात, असे म्हणून त्याने 1970 च्या दशकात डाव्या-उजव्या सगळ्यांना चिडवले. आपल्याकडे त्याला शाळेचा शत्रू म्हणून ओळखतात आणि पुढे वाचत नाहीत. 1973 सालच्या ‘टूल्स फॉर कन्व्हिव्हिअलिटी’मध्ये तो साधनांच्या दोन जाती पाडतो. काही साधने माणसाच्या स्वतःच्या हेतूला वाकतात. ती कुणीही, हवी तेव्हा, हवी तेवढी वापरावीत, परवाना नको, तज्ज्ञ नको. काही साधने माणसालाच वाकवतात. ती जितकी वाढतात तितका माणूस तज्ज्ञांचा आणि व्यवस्थापकांचा मिंधा होतो. महामार्ग, शाळा, मोठी रुग्णालये दुसऱ्या जातीची. आणि पहिल्या जातीत इलिच टेलिफोन घालतो. यंत्रद्वेष्टा म्हणून बदनाम झालेल्या माणसाने यंत्रांतून निवडून फोन उचलावा, यातच त्याच्या विचाराचा कस दिसतो. त्याचा मुद्दा असा की फोनवर कुणी कुणाशी काय बोलावे हे नोकरशहाला ठरवता येत नाही. सौदा करा, प्रेम करा, भांडा. तार तुमचा हेतू तपासत नाही. सरकार चोरून ऐकू शकते, पण अभ्यासक्रम लावू शकत नाही.

इलिचचे भाषाप्रभुत्व, त्याचे पांडित्य, मध्ययुगाबद्दलचे त्याचे वेड, सगळे मला भावते. सायकलच्या वेगापलीकडे गेलेला समाज विषम होतो, हे त्याचे मत ऐकून कारखान्यातले माझे मित्र हसत. मी अजून हसलेलो नाही. पण टेलिफोनबद्दल त्याने एक प्रश्न विचारायचा सोडला : नाणे आहे, पण डबा वीस किलोमीटरवर आहे, तर? त्याच्या जगात डबा कोपऱ्यावर असतोच. पित्रोदांनी इलिच वाचला होता की नाही याने फरक पडत नाही. सुपेल्याच्या रांगेने इलिचचे वाक्य पुरे केले. परवाना नको, साक्षरता नको, मालकी नको, चालत जाता यावे. मालकीशिवाय वापर. हा शब्दप्रयोग ऐकूनच प्राध्यापकांचा बाजार घाबरतो.

पण इलिचला बोलावले की तो फक्त आपल्या बाजूने साक्ष देऊन जात नाही. तज्ज्ञांची सत्ता हा त्याचा कायमचा शत्रू, आणि पित्रोदा 1987 पासून तेच झाले. राजीव गांधींचे सल्लागार. पाणी, लसीकरण, साक्षरता, तेलबिया, दूरसंचार, दुग्धव्यवसाय अशी एकेक मिशन. 1989 साली टेलिकॉम कमिशनचे पहिले अध्यक्ष. त्याच वर्षी सरकार बदलले, चौकश्यांचा धुरळा उठला, हृदयविकाराचा झटका आला, आणि 1991 नंतर ते शिकागोला परतले. 2004 नंतर पुन्हा बोलावणे. राष्ट्रीय ज्ञान आयोग, पंतप्रधानांचे सल्लागार, राष्ट्रीय नवप्रवर्तन परिषद, रेल्वे आधुनिकीकरणाचा तज्ज्ञ गट. शिफारशींचे ढीग. त्यातून काहीच निघाले नाही असे म्हणणे अन्याय होईल. विद्यापीठांना जोडणारे नॅशनल नॉलेज नेटवर्क आणि ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची कल्पना त्या काळातलीच. पण ज्ञान आयोगातून 2006 साली आंद्रे बेतेय आणि प्रताप भानू मेहता आरक्षणाच्या प्रश्नावर बाहेर पडले, तेव्हा एक गोष्ट उघडी पडली. जात हा या देशातला सर्वांत जुना जोडणीचा आणि तोडणीचा प्रश्न, आणि सल्लागारांच्या खोलीत तो नियमात न बसणारा आवाज ठरतो. मग 2012 च्या उत्तर प्रदेश निवडणुकीत याच पित्रोदांना सुताराचा मुलगा म्हणून व्यासपीठावर उभे केले गेले. जी जात आयोगात अडचण होती, ती प्रचारात भांडवल झाली.

म्हणून आता ते दोन हिशेब जोडतो. ज्या माणसाने एका लाइनीवर किती माणसे बोलतात हे जाणून यंत्र बनवले, तोच माणूस 2024 साली देशाकडे नकाशावरच्या चार रंगांसारखा पाहतो. हे वयाने होत नाही. हे उंचीने होते. कित्तूरच्या खोलीत यंत्र उन्हाने बंद पडले असते तर दुसऱ्या दिवशी कळले असते. अहवाल बंद पडला तर कुणाला कळत नाही. पित्रोदा जेव्हा काही बनवत होते तेव्हा वस्तुस्थिती त्यांना दुरुस्त करत होती. सल्ला देऊ लागल्यावर त्यांना दुरुस्त करणारे कुणी उरले नाही. प्राध्यापकांना व्यक्तीचा दोष सापडला आहे. दोष पदाचा आहे, आणि त्या पदावर कोणत्याही पक्षाने कुणालाही बसवले तरी हेच होते.

प्राध्यापकांचा सर्वांत जड मुद्दा अजून बाकी आहे, आणि त्यांच्या बाजूने मीच तो मांडतो. लोकांना सामायिक फोन नको होता. 1995 साली मोबाइलवर बोलायला मिनिटाला सोळाच्या घरात रुपये पडत, आलेल्या कॉललाही पैसे लागत. 2003 साली येणारा कॉल फुकट झाला आणि पीसीओ बघता बघता संपले. सुपेल्यातले बूथ आधी झेरॉक्सचे झाले, मग रिचार्जचे. बूथवाला सगळे ऐकत असे. सासरच्या छळाबद्दल आईशी बोलणाऱ्या मुलीला तो काचेचा डबा मुक्त वाटत नव्हता. इलिचच्या साधेपणाला लोकांनी एका झटक्यात नाकारले. डिसेंबर 2020 मध्ये केंद्राने पीएम-वाणी नावाने पब्लिक डेटा ऑफिस ही जणू पीसीओचीच दुसरी आवृत्ती काढली. 2022 पर्यंत एक कोटी सार्वजनिक वायफाय केंद्रांचे राष्ट्रीय धोरण होते. गाडी काही लाखांवर अडली. स्वस्त डेटा ज्याच्या खिशात आहे तो रांगेत कशाला उभा राहील? सामायिकता हा टंचाईवरचा तोडगा होता. तिला मी सद्गुण समजत आलो. आता तसे समजण्याला आधार उरलेला नाही.

मग पित्रोदांचे काय उरते? एक्स्चेंज कालबाह्य झाले, पाटी पुसली गेली. प्रश्न उरतो. आज शहरांत शंभर माणसांमागे शंभराहून जास्त जोडण्या आहेत, खेड्यांत साठाच्या आसपास. सरासरी काढली की देश जोडलेला दिसतो. अंतर काढले की दंतेवाडा, सुकमा, अबूझमाड दिसते, जिथे सिग्नलसाठी टेकडी चढावी लागते. आणि तिथे टॉवर कोण उभारते? 2002 पासून कंपन्यांच्या महसुलातून पाच टक्के वैश्विक सेवा निधीत जातात. आता त्याचे नाव डिजिटल भारत निधी. परवडत नाही तिथे बाजार जातो तो या पैशाच्या बोटाला धरून. सप्टेंबर 2025 मध्ये पंतप्रधानांनी ओडिशातल्या झारसुगुड्यात बीएसएनएलच्या स्वदेशी 4जी जाळ्याचे उद्घाटन केले, तेव्हा त्या जाळ्याचा गाभा सी-डॉटने घडवलेला होता. प्राध्यापकांच्या मते जी संस्था मुदत न पाळल्यामुळे फसली, ती चाळीस वर्षांनी टिटलागढच्याच राज्यात कामाला आली. द्रष्टेपणाचा पुरावा म्हणून मी हे सांगत नाही. संस्था माणसापेक्षा टिकाऊ असतात, आणि सल्ल्यापेक्षा तर फारच टिकाऊ, एवढेच त्यातून दिसते.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. निधीतला रुपया खर्च होण्याआधी दर ग्रामपंचायतीत एक आकडा जाहीर व्हावा : गावातल्या सर्वांत लांबच्या घरातून चालत निघाले तर सिग्नल किती मिनिटांवर आहे. तो आकडा तलाठी कार्यालयाच्या भिंतीवर लिहावा, दर वर्षी खोडून नवा लिहावा, आणि तो कमी होईपर्यंत दूरसंचार मंत्र्याने टेलिडेन्सिटीचे भाषण करू नये. सल्लागार हवेच असतील तर त्यांचे कार्यालय त्यातल्याच एखाद्या गावात थाटावे, मे महिन्यात, पंख्याशिवाय.