हेतू शुद्ध असला तरी…

माणसाच्या हातून चूक घडते, हे सर्वांना मान्य आहे. खरा प्रश्न त्यापुढचा आहे. चुकीमुळे एका निरपराध माणसाचा जीव गेला आणि चूक करणाऱ्याच्या मनात वाईट हेतूचा लवलेशही नव्हता, तर त्यास काय म्हणावे? गुन्हेगार की दुर्दैवी?

वाचकहो, हा प्रश्न रुग्णालयाच्या खाटेशेजारी रोज उभा असतो. डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेतील टेनेसी राज्यात ७५ वर्षांच्या एका रुग्ण महिलेला तपासणीपूर्वी मन शांत राहावे म्हणून ‘व्हर्सेड’ हे औषध द्यायचे होते. परिचारिकेने औषधांच्या संगणकीय कपाटावर नावाची पहिली दोन अक्षरे दाबली. औषध सापडेना, तेव्हा तिने कपाटाचा सुरक्षा-अडथळा बाजूला सारून शोध घेतला. हाती आले ते ‘व्हेक्युरोनियम’, स्नायू लुळे करून श्वास थांबविणारे औषध. बाटलीच्या झाकणावर इशारा छापलेला होता, पण तिकडे लक्ष गेले नाही. रुग्ण महिला दगावली. परिचारिकेने चूक लपविली नाही. तरीही २०२२ मध्ये न्यायालयाने तिला निष्काळजीपणे मृत्यूस कारण झाल्याबद्दल दोषी ठरविले आणि तीन वर्षे देखरेखीखाली राहण्याची शिक्षा दिली. तेव्हा असंख्य परिचारिकांनी विचारले, कबुलीची परिणती खटल्यात होणार असेल, तर उद्या कबूल कोण करील?

या प्रश्नाची दोन सोपी उत्तरे आहेत. ‘चुकून झाले, सोडून द्या’ हे एक आणि ‘जीव गेला, फासावर द्या’ हे दुसरे. पवित्र कुरआन दोन्ही नाकारतो. सूरह अहजाबच्या पाचव्या आयतीचा आशय असा, की नकळत झालेल्या चुकीबद्दल गुनाह नाही, अंतःकरणाने ठरवून केलेल्या कृत्याबद्दल आहे. मात्र सूरह निसाची ९२ वी आयत चुकून झालेल्या हत्येविषयी बोलते, तेव्हा ती केवळ क्षमेवर थांबत नाही. मृताच्या वारसांना दियत द्यावी, त्यांनी माफ केले तर गोष्ट वेगळी. आणि गुलाम मुक्त करावा, ते शक्य नसेल तर सलग दोन महिने रोजे राखावेत. हेतूचा गुनाह नाही, तरीही वारसांचा हक्क शिल्लक आहे आणि अल्लाहसमोर तौबाही शिल्लक आहे. शुद्ध हेतू माणसाला खुनी ठरण्यापासून वाचवितो, उत्तरदायित्वापासून मुक्त करीत नाही.

वैद्यकाविषयी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात आली आहे. वैद्यकाचे ज्ञान नसताना जो उपचार करील, तो झालेल्या हानीस जबाबदार राहील. म्हणजे चूक होण्याआधी माणसाने काय केले होते, हेही पाहिले जाते. शिकला होता का? खात्री करून घेतली होती का?

आता सूरह बकराची २८२ वी आयत आठवा. उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, एकाला विसर पडला तर दुसऱ्याने आठवण करून द्यावी. येथे माणसाच्या प्रामाणिकपणावर संशय नाही. त्याची स्मरणशक्ती दुर्बळ आहे, याची जाणीव आहे. पैशाच्या व्यवहारात इतकी दक्षता, तर प्राणाच्या व्यवहारात किती असावी? दक्ष रुग्णालये हेच करतात. इन्शुलिन, हेपारिन यांसारखी धोक्याची औषधे देण्यापूर्वी दुसऱ्या व्यक्तीकडून पडताळून घेतात. पोटॅशियम क्लोराइडचे तीव्र द्रावण वॉर्डच्या कपाटातून हलवितात, कारण ते सौम्य न करता शिरेत गेल्यास हृदय बंद पडू शकते. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ, हे पाच मुद्दे प्रत्येक वेळी तपासतात.

१९९९ मध्ये अमेरिकेतील एका प्रसिद्ध अहवालाने तेथील रुग्णालयांत उपचारांतील चुकांमुळे दरवर्षी ४४,००० ते ९८,००० मृत्यू होत असल्याचा अंदाज मांडला. बहुतेक चुकांचे मूळ वाईट माणसांत नसून सदोष व्यवस्थेत असते, हेही त्याने सांगितले. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने औषधांमुळे होणारी टाळता येण्याजोगी गंभीर हानी पाच वर्षांत निम्म्यावर आणण्याचे आवाहन केले. तेव्हा एकट्या परिचारिकेकडे बोट दाखवून आपण मोकळे होऊ शकत नाही. सारख्या दिसणाऱ्या बाटल्या शेजारी कोणी ठेवल्या? एका परिचारिकेवर इतक्या रुग्णांचा भार कोणी टाकला? प्रत्येक जण राखणदार आहे आणि त्याला आपल्या कळपाविषयी विचारले जाईल, ही प्रेषितांची (स.) शिकवण व्यवस्थापकालाही लागू आहे. चूक कबूल करणाऱ्याला चिरडणारी आणि लपविणाऱ्याला अभय देणारी व्यवस्था अमानतीत खयानत करते.

आणि आपण? घरातील रुग्णाच्या सर्व औषधांची यादी लिहून जवळ ठेवा. इंजेक्शन देण्यापूर्वी त्याचे नाव आणि कारण नम्रपणे विचारा. हा अविश्वास नव्हे, साक्षीदाराचे कर्तव्य आहे. रमजानमध्ये इन्शुलिनची मात्रा वा वेळ स्वतःच्या मनाने बदलू नका. आजाऱ्याला अल्लाहने सवलत दिली आहे, डॉक्टरांना विचारा. अनर्थ घडलाच तर न्याय मागा, तो तुमचा हक्क आहे. पण डॉक्टर वा परिचारिकेवर हात उगारू नका. माफ करण्याचा अधिकारही वारसांनाच दिला आहे, हे विसरू नका.

एक जीव वाचविणे म्हणजे समस्त मानवजात वाचविणे, ही कुरआनची शिकवण आपण अभिमानाने सांगतो. पण असे जीव पुष्कळदा मोठ्या पराक्रमाने वाचत नाहीत. कोणीतरी बाटलीवरचे नाव दुसऱ्यांदा वाचते, म्हणून वाचतात. अल्लाह आपणा सर्वांना ही दक्षता आणि चूक कबूल करण्याचे धैर्य देवो. आमीन.