विचारलं म्हणून सांगणं

स्वतःची थोरवी स्वतःच्या तोंडाने सांगू नये, असं ज्या घरात लहानपणापासून शिकवलं, त्याच घरातल्या सतरा वर्षांच्या मुलाला ‘स्वतःविषयी ६५० शब्दांत लिही’ असं फर्मान आलं तर त्याने काय करावं? न्यू जर्सीतल्या आमच्या घरी हा प्रश्न दरवर्षी ऑगस्टपासून सुरू होतो. १ नोव्हेंबरला बऱ्याच कॉलेजांच्या लवकरच्या अर्जांची मुदत, १ जानेवारीला नेहमीच्या अर्जांची. मी नोकरीभर इथल्या शाळेत इंग्रजी शिकवलं, त्यामुळे ओळखीच्या मराठी घरांतली बारावीची मुलं कॉलेजप्रवेशाच्या सामायिक अर्जाचा, म्हणजे कॉमन अ‍ॅपचा एसे घेऊन येतात. ‘काकू, फक्त ग्रामर बघा ना’ म्हणत लॅपटॉप पुढे करतात. व्याकरण बहुधा ठीकच असतं. अडतं ते ‘मी’पाशी.

आईवडिलांचं निराळंच. ‘आमच्याकडे तसं काही वाईट घडलेलंच नाही हो, मग हा लिहिणार काय?’ असं एका आईने मला अगदी काळजीने विचारलं होतं. दुःख हे भांडवल आहे आणि ते आपल्याकडे कमी पडतंय, ही काळजी ऐकून मला फार वाईट वाटलं. पण त्या माउलीला दोष कसा देऊ? हे विचारणाऱ्या कॉलेजांचा इतिहासच असा आहे. १९२२ मध्ये हार्वर्डचे अध्यक्ष लॉरेन्स लोवेल यांना ज्यू विद्यार्थी कमी करायचे होते. उघड कोटा प्राध्यापकांनी मानला नाही, तेव्हा काही वर्षांतच प्रवेशाच्या निकषांत ‘चारित्र्य’ आणि व्यक्तिमत्त्व यांचं वजन वाढवलं गेलं. ज्यांना गुणांवर हरवता येत नव्हतं, त्यांना माणूस म्हणून तोलायला घेतलं. शंभर वर्षांनी, जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्डविरुद्धच्या ज्या खटल्याचा निकाल दिला, त्यातही आशियाई मुलांना व्यक्तिमत्त्वाचे गुण सरासरीने कमी पडत असल्याचं पुढे आलं होतं. तेव्हा ‘तू कोण आहेस?’ हा प्रश्न इथे कधीच निव्वळ जिज्ञासेचा नव्हता, हे मुलांना माहीत असावं असं मला वाटतं. मी त्यांना ते सांगते.

तरीही स्वतःविषयी सांगावं कसं, हा प्रश्न उरतोच. गेल्या काही वर्षांत आलेल्या एका मुलाने तो मला सर्वांत नेमका विचारला.

त्याचा पहिला मसुदा होता नेतृत्व, ध्येय, समाजावर प्रभाव वगैरे. वाचून मी विचारलं, रविवारी सकाळी तू कुठे असतोस? म्हणाला, बाबांच्या क्रिकेट लीगमध्ये. खेळतोस? नाही, स्कोअर लिहितो. मग तो बोलायला लागला आणि त्याचा आवाजच बदलला. ठिपके, लेग बाय, दोन रंगांची पेनं. एकदा बाबांचा संघ एका धावेने जिंकला. सगळे पार्किंगमध्ये फोटो काढत असताना हा वहीतल्या बेरजा ताडून पाहत होता. गोलंदाजाच्या रकान्यात एका वाइडची खूण होती, पण ती अवांतर धावांत धरलेलीच नव्हती. म्हणजे सामना बरोबरीत सुटला होता. वही मिटली असती तर कुणालाही कळलं नसतं. त्याने दोन्ही कप्तानांना जाऊन सांगितलं. त्यांतले एक त्याचे बाबा. घरी येईपर्यंत गाडीत ते एक शब्द बोलले नाहीत.

मी म्हटलं, हेच लिही. तो गप्प झाला आणि मग मराठीत म्हणाला, ‘पण काकू, मी खरं बोललो हे मीच सांगितलं, तर ते शो ऑफ नाही का होणार?’

गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणं सांगितली आहेत. त्यांतलं पहिलं अमानित्व, दुसरं अदंभित्व. ज्ञानेश्वरांनी त्यांवर किती जीव लावून लिहिलंय! अदंभी माणूस आपलं सत्कृत्य झाकून ठेवतो, बोलून दाखवत नाही. या कसोटीवर मुलाचं बरोबर होतं. प्रामाणिकपणा अर्जाला जोडला की तो प्रमाणपत्र होतो.

मला उत्तर सापडलं तुकोबांपाशी. त्यांनी स्वतःची हकीकत अभंगात सांगितली आहे. धंद्यात बसलेली खोट, दुष्काळ, अन्नाविना गेलेली बायको, लोकांत वाटलेली लाज, मोडकळीला आलेलं देऊळ. आणि सुरुवातीलाच ते म्हणतात की हे बोलू नये, पण तुम्ही संतांनी विचारलंत म्हणून सांगतो. मला या संकोचात सगळं नीतिशास्त्र दिसतं. विचारणारा आहे, म्हणून सांगणं हे उत्तर आहे. सांगण्यात लाजही आहे, म्हणून ती स्तुती नाही. कॉलेजची प्रवेश समिती म्हणजे संतसभा नव्हे, हे मला कळतं. पण सांगणाऱ्याने कसं सांगावं हे ऐकणाऱ्याच्या लायकीवर ठरत नाही.

अहंकार ‘मी केलं’ म्हणण्यात असतो असं आपण समजतो. माझं मत असं झालंय की तो गाळण्यात असतो. भीती गाळली, मोह गाळला, बाजूची माणसं गाळली की उरतो तो दंभ. म्हणून मी त्या मुलाला एवढंच विचारलं, बेरीज चुकली हे कळल्यावर पहिला विचार काय आला? बराच वेळ त्याने उत्तर दिलं नाही. मग म्हणाला, वही मिटायचा. ते त्याने लिहिलं. बाबांचा राग लिहिला आणि पुढच्या रविवारी त्यांनीच वही त्याच्या हातात दिली, तेही लिहिलं. ‘इंटेग्रिटी’ हा शब्द त्याने स्वतःहून खोडला.

त्याच्या एसेतलं एकही वाक्य माझं नाही. अर्जाच्या शेवटी ‘हे लेखन माझं आहे’ अशी सही मुलाला करावी लागते. महागड्या सल्लागारांकडून किंवा एआयकडून लिहून घेतलेल्या मजकुराखाली ती सही करायला लावणं म्हणजे मोठ्यांनी मुलाला खोट्याची दीक्षा देणं आहे. बोलतं करणाऱ्याने कर्तेपण घेऊ नये, हे मी या कामात सर्वांत कडकपणे पाळते.

तुमच्या घरी यंदा बारावीचं मूल असेल, तर त्याचा मसुदा उघडण्याआधी एका संध्याकाळी त्याच्याशेजारी बसा, फोन बाजूला ठेवा, आणि त्याला ज्याविषयी बोलावंसं वाटतं ते मध्ये न बोलता ऐकून घ्या. त्यात तुमचं काही कमीजास्त निघालं, तर ते खोडायला सांगू नका.