आपत्ती, आप्त आणि परतीचा परवाना

परदेशातल्या आप्तावर भूकंप, पूर किंवा वादळ कोसळले की मदतीच्या वाटा मोजक्याच असतात. त्याचा ठावठिकाणा लावणे, आपण तिकडे जाणे, त्याला इकडे आणणे किंवा पैसा पाठवणे. मधल्या दोन वाटांवर व्हिसा आडवा येतो, शेवटच्या वाटेवर परकीय चलनाचे नियम. आपत्ती उलट्या दिशेनेही येते. अतिवृष्टीत गावाकडचे घर पडते, आई-वडील उघड्यावर येतात आणि मुलगा असतो टोकियोला किंवा डॅलसला. दोन्ही प्रसंगांचे कायदे वेगळे आहेत, पण त्यांतली उणीव एकच आहे. कायदा पीडिताला ओळखतो, त्याच्या सरकारला ओळखतो. नात्याची दखल मात्र तो नाइलाजाने आणि उशिरा घेतो.

वाशिम जिल्ह्याच्या मंगरुळपीर तालुक्यातल्या आसेगावातून पाहिले तर ही उणीव अधिक स्पष्ट दिसते. सोयाबीन, तूर आणि कापसाचा हा कोरडवाहू मुलूख. नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत वाशिमचे नाव आहे. येथून परदेशी जाणारा मुलगा बहुधा पुणे किंवा हैदराबादमार्गे जातो आणि त्याच्या पासपोर्टचा, व्हिसाचा, नोकरीचा तपशील घरी कोणाला फारसा ठाऊक नसतो. पासपोर्टचे प्रादेशिक कार्यालय नागपूरला, बहुतेक वाणिज्य दूतावास मुंबईत. समृद्धी महामार्ग तालुक्यातल्या शेलूबाजारजवळून जात असल्याने मुंबईचे अंतर तासांच्या हिशेबात कमी झाले, कागदांच्या हिशेबात नाही.

आपत्तीनंतरचे पहिले काम शोधाचे असते. परदेशातला भारतीय दूतावास अशा वेळी मदतवाहिनी सुरू करतो, दिल्लीत परराष्ट्र मंत्रालय नियंत्रण कक्ष उघडते आणि २०१५ पासून ‘मदद’ या संकेतस्थळावर तक्रार नोंदवून तिचा पाठपुरावाही करता येतो. पण या सगळ्या यंत्रणेला सुरुवातीलाच हवा असतो पासपोर्ट क्रमांक, शेवटचा पत्ता आणि मालकाचा किंवा विद्यापीठाचा संपर्क. यांतले काहीच घरी नसेल तर नाव आणि फोटो एवढ्यावर शोध चालतो. परदेशात राहणाऱ्या भारतीयांनी दूतावासात नाव नोंदवावे अशी सोय आहे, पण ती ऐच्छिक असल्याने फार थोडे लोक ती वापरतात. संकटात सापडलेल्या गरजू भारतीयांसाठी दूतावासांकडे २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. तात्पुरता निवारा, परतीचे तिकीट, प्रसंगी पार्थिव मायदेशी पाठवणे हा खर्च त्यातून होऊ शकतो. मात्र गरज दाखवावी लागते आणि अर्ज करावा लागतो. ज्याचा पासपोर्टच हरवला आहे त्याला दूतावास आपत्कालीन प्रमाणपत्र देतो. त्यावर फक्त भारतात परतता येते, अन्यत्र कुठे नाही.

जाण्याचा प्रश्न नेपाळच्या बाबतीत सोपा होता. २५ एप्रिल २०१५ रोजी ७.८ तीव्रतेच्या भूकंपाने सुमारे ९ हजार माणसे मारली, तेव्हा १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे भारतीयांना तिकडे जायला व्हिसा लागत नव्हता, आजही लागत नाही. भारताने ‘ऑपरेशन मैत्री’ सुरू केले आणि तेथे अडकलेल्या परदेशी नागरिकांनाही भारतात येण्यासाठी निःशुल्क व्हिसा देऊ केला. तुर्कीचे तसे नाही. ६ फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपानंतर ‘ऑपरेशन दोस्त’साठी निघालेल्या राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या जवानांचे पासपोर्ट दिल्लीत रातोरात तयार झाले. सरकारने मनावर घेतले तर कागद किती वेगाने हलतात याचा तो पुरावा आहे. ढिगाऱ्याखालच्या माणसाच्या भावासाठी ते तसे हलत नाहीत. त्याने तत्काळ पासपोर्टच्या रांगेत उभे राहायचे आणि मग पर्यटकाचाच अर्ज भरायचा.

पर्यटकाचा किंवा पाहुण्याचा व्हिसा हा सर्वसाधारण उपाय असला तरी त्याचा पायाच आपत्तीला प्रतिकूल आहे. अर्जदार परत जाईल अशी खात्री पटली तरच तो मिळतो. त्यासाठी घर, नोकरी, बँकेतली शिल्लक, शेतजमीन असे मायदेशातले पाश दाखवावे लागतात. विदर्भातले शेतकरी आई-वडील अर्जासोबत सातबारा जोडतात तो याचसाठी. आता घर पडले, पीक वाहून गेले, शिल्लक संपली, तर हेच पाश कमजोर होतात. म्हणजे ज्याला नातेवाइकाकडे जाण्याची सर्वांत जास्त गरज आहे तोच व्हिसा अधिकाऱ्याच्या नजरेत सर्वांत संशयास्पद अर्जदार ठरतो. अमेरिकेच्या कायद्यात तर पाहुण्याच्या व्हिसाचा अर्जदार हा कायमचा राहायलाच येतो आहे असे गृहीत धरलेले असते आणि उलट सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर असतो. तातडीची मुलाखत मिळण्याची सोय आहे, पण तिने फक्त तारीख लवकर मिळते, निकष बदलत नाहीत.

निर्वासित म्हणून दाद मागावी, तर १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारात छळाची पाचच कारणे मानलेली आहेत: वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट समाजगट आणि राजकीय मत. पूर किंवा भूकंप त्यांत बसत नाही. म्हणूनच देशोदेशी जे काही झाले ते सरकारांच्या मर्जीने, प्रसंगापुरते झाले. त्यातही एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. अमेरिकेचा १९९० चा ‘तात्पुरता संरक्षित दर्जा’ हा आपत्तीच्या वेळी आधीच अमेरिकेत असलेल्यांसाठी आहे. १२ जानेवारी २०१० रोजी हैतीत भूकंप झाला आणि तीन दिवसांनी हा दर्जा जाहीर झाला, तो भूकंपाच्या दिवशी अमेरिकेत हजर असलेल्या हैतीवासीयांना. पोर्ट-ओ-प्रिन्सच्या ढिगाऱ्यात उभ्या असलेल्या त्यांच्या बहिणीला त्यातून काही मिळाले नाही. नेपाळींना हाच दर्जा जून २०१५ मध्ये मिळाला. भारताला तो कधीच मिळालेला नाही. ‘तात्पुरता’ हा शब्दही सैलच. मिच वादळानंतर १९९९ मध्ये होंडुरासला दिलेला दर्जा मुदतवाढी घेत पाव शतकापेक्षा जास्त चालला.

आपत्तीग्रस्त देशातून नातेवाइकांना बोलावण्याची वाट मोकळी करणारी उदाहरणे थोडी आहेत. २०१३ मध्ये फिलिपिन्समधल्या हैयान वादळानंतर कॅनडाने बाधितांचे अर्ज आधी हातावेगळे करण्याचे ठरवले. तुर्की आणि सीरियातल्या भूकंपानंतर जर्मनीने तेथल्या जवळच्या नातेवाइकांना तीन महिन्यांचा व्हिसा सोप्या पद्धतीने देऊ केला. जर्मनीतल्या आप्ताने राहण्या-जेवणाची आणि परतीची लेखी हमी द्यायची आणि पाहुण्याकडे वैध पासपोर्ट असला पाहिजे अशा त्याच्या अटी होत्या. टीका झाली ती दुसऱ्या अटीवर. घर पडलेल्या माणसाचा पासपोर्ट त्या घराखालीच होता. तरीही हा नमुना महत्त्वाचा मानावा लागतो, कारण येथे सरकारने नात्याला निकष मानले आणि जबाबदारी नातेवाइकावर सोपवली. अर्जेंटिनाने २०२२ मध्ये मध्य अमेरिका, मेक्सिको आणि कॅरिबियनमधल्या आपत्तीविस्थापितांसाठी मानवतावादी व्हिसा काढला. त्यात नात्यापेक्षा आपत्तीला वजन आहे.

मराठी कुटुंबांना रोजच्या व्यवहारात उपयोगी पडतात ते आपत्तीशी संबंध नसलेले मार्ग. कॅनडाचा सुपर व्हिसा आई-वडील आणि आजी-आजोबांसाठी आहे. जुलै २०२२ पासून त्यावर एका खेपेस पाच वर्षांपर्यंत राहता येते, मात्र मुलाचे पुरेसे उत्पन्न, आरोग्य विमा आणि वैद्यकीय तपासणी लागते. ब्रिटनने २०१२ नंतर वृद्ध पालकांना बोलावण्याचे नियम इतके आवळले की ती वाट जवळपास बंदच आहे. अमेरिकेत भावंडांसाठी अर्ज करता येतो, पण भारतीयांची प्रतीक्षा दशकापलीकडे जाते. पुरात घर गेलेल्या माणसाला त्याचा काय उपयोग?

आता उलटी दिशा. आसेगावातल्या घरावर आपत्ती आली आणि मुलाला परदेशातून यायचे आहे. भारतीय पासपोर्ट असेल तर येण्यात अडथळा नाही. परदेशी नागरिकत्व घेतले असेल आणि ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असेल तरीही नाही. ओसीआय नसलेल्या परदेशी सुनेला किंवा जावयाला ई-पर्यटक व्हिसा चालतो, नातेवाइकांना भेटणे हा त्याचा एक मान्य हेतू आहे. मृत्यूच्या प्रसंगी भारतीय दूतावास तातडीने व्हिसा देतात. खरी अडचण पुढे असते: परत जाण्याची.

याचे सर्वांत बोलके उदाहरण जपानचे आहे. ११ मार्च २०११ चा भूकंप, त्सुनामी आणि फुकुशिमाची अणुदुर्घटना यांनंतर हजारो परदेशी रहिवासी मायदेशी निघाले. त्या वेळच्या नियमानुसार देश सोडण्याआधी पुन:प्रवेशाचा परवाना घेतला नाही तर निवासाचा हक्कच संपत असे. एका खेपेच्या परवान्याला ३ हजार येन आणि अनेक खेपांच्या परवान्याला ६ हजार येन मोजायचे होते, आणि त्यासाठी टोकियोच्या इमिग्रेशन कार्यालयासमोर लोक तासन् तास रांगेत उभे राहिले. ज्यांना तो वेळ नव्हता त्यांनी निवास सोडला. पुढे ९ जुलै २०१२ पासून नवी पद्धत आली आणि वर्षाच्या आत परतणाऱ्याला वेगळ्या परवान्याची गरज उरली नाही. निघताना विमानतळावर तसा हेतू नोंदवला की पुरते. एका प्रशासकीय सुधारणेने संकटकाळातला केवढा ताण नाहीसा होतो, ते यावरून दिसते.

अमेरिकेत अशी सुधारणा झालेली नाही. एच-१बी व्हिसावर काम करणाऱ्याचा पासपोर्टवरचा व्हिसा शिक्का संपलेला असेल, तर तो अमेरिकेत कायदेशीरपणे राहू शकतो. पण एकदा बाहेर पडला की नव्या शिक्क्याशिवाय परतू शकत नाही आणि भारतातल्या मुलाखतीची तारीख त्याच्या हाती नसते. ग्रीन कार्डचा अंतिम अर्ज प्रलंबित असलेल्यांची गोष्ट आणखी अवघड. एच आणि एल प्रकारांतल्यांना सूट आहे. इतरांनी ‘आगाऊ पॅरोल’ म्हणजे परतीची पूर्वपरवानगी न घेता देश सोडला तर अर्ज सोडून दिल्याचे मानले जाते. तातडीच्या कारणासाठी हा पॅरोल लवकर मिळू शकतो, पण त्याची वाट पाहण्याइतका धीर वडिलांचे घर पडल्याच्या दिवशी कोणाकडे असतो? मुलगा आला नाही म्हणून गावात त्याच्याविषयी जे बोलले जाते, त्यात या कागदाचा उल्लेख कधीच नसतो.

पैसा सर्वांत लवकर पोहोचतो. भारतातून परदेशी नातेवाइकाला भेट म्हणून किंवा त्याच्या चरितार्थासाठी रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेत एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. पॅन लागतो. १ एप्रिल २०२५ पासून १० लाख रुपयांच्या वरच्या अशा रकमेवर २० टक्के कर आधीच कापला जातो, विवरणपत्र भरताना तो वळता होतो. खेड्यातल्या सहकारी किंवा ग्रामीण बँकेच्या शाखेत परकीय चलनाचे काम बहुधा होत नाही. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या मोठ्या शाखेत जावे लागते.

उलट दिशेने येणाऱ्या पैशाचे नियम लोकांना कमी माहीत असतात. जवळच्या नातेवाइकाने दिलेल्या भेटीवर आयकर नाही. भाऊ अजून भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पैसे पाठवत असेल तर परकीय योगदानाचा कायदाही लागू होत नाही. तो अमेरिकेचा नागरिक झाला असेल तर कायद्याच्या दृष्टीने ‘परकीय स्रोत’ ठरतो. तरीही नातेवाईक म्हणून त्याच्याकडून घ्यायला परवानगी लागत नाही, फक्त वर्षाला १० लाख रुपयांपेक्षा जास्त रक्कम झाल्यास ठरल्या मुदतीत सरकारला कळवावे लागते. ही मर्यादा २०२२ पर्यंत १ लाख होती. सवलत मात्र नात्यापुरतीच. त्याच भावाने गावच्या तरुण मंडळाच्या खात्यावर पूरग्रस्तांसाठी पैसे टाकले आणि मंडळाची या कायद्याखाली नोंदणी नसेल, तर तो गुन्हा ठरतो. चांगल्या हेतूने केलेली मदत येथे हमखास अडकते.

सार्वजनिक निधीची वाट अलीकडे रुंद झाली आहे. २०१८ च्या केरळ महापुरात केंद्राने परदेशी सरकारांची मदत नाकारली, तरी अनिवासी भारतीयांच्या देणग्या स्वीकारल्या. २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री सहायता निधीला परकीय देणग्या घेण्याची परवानगी मिळाली; अशी परवानगी मिळालेला तो राज्यांमधला पहिला मुख्यमंत्री निधी. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मराठवाड्यासह राज्याच्या मोठ्या भागात अतिवृष्टी झाली आणि ऑक्टोबरात सरकारने ३१,६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. एवढ्या नुकसानीपुढे देणग्यांचा वाटा लहानच राहणार. पण नात्यातल्या पैशाचे काम वेगळे असते. पंचनामा होऊन शासनाची रक्कम खात्यात पडेपर्यंतचे आठवडे तो भरून काढतो.

शेवटी प्रश्न येतो कागदांचा, आणि तो सर्व वाटांना समान आहे. नाते सिद्ध करणारा मूळ दस्तऐवज जन्माचा दाखला. ग्रामीण भागातल्या जुन्या पिढीचा तो अनेकदा नसतोच. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरे, पासपोर्टवर तिसरे. वर्षभरापेक्षा जास्त उशीर झालेली जन्मनोंद करायला दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. परदेशात सादर करायच्या दाखल्यावर बहुधा राज्य सरकारचे साक्षांकन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाची अपोस्टिल मोहोर लागते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात किल्लारी परिसरातली दगडमातीची घरे कोसळली तेव्हा घरातले कागदही मातीत गेले. आज निदान डिजीलॉकर आहे. बेपत्ता आप्ताच्या बाबतीत तर मृत्यूचा दाखला मिळेपर्यंत विमा, बँक, वारसनोंद सारेच थांबते. साधारण कायद्यात सात वर्षे पत्ता न लागल्यावरच मृत्यू गृहीत धरता येतो. २०१३ च्या उत्तराखंड प्रलयानंतर सरकारने बेपत्तांसाठी वेगळी, लवकरची पद्धत लावली. परदेशात बेपत्ता झालेल्याच्या वारसांना मात्र त्या देशाच्या दाखल्यावर अवलंबून राहावे लागते.

हे सगळे काम एका कुटुंबाने, आपत्तीच्या आठवड्यात, स्वतः शोधून करावे अशी आजची अपेक्षा आहे आणि ती अवाजवी आहे. केरळने १९९६ मध्येच परदेशस्थ केरळीयांसाठी ‘नोर्का’ हे स्वतंत्र खाते काढले. आखातातला कामगार अडचणीत आला की त्याच्या घरच्यांना कोणाकडे जायचे ते माहीत असते. महाराष्ट्रात प्रत्येक जिल्हाधिकारी कार्यालयात आपत्ती नियंत्रण कक्ष आहे आणि १०७७ हा त्याचा क्रमांक आहे. परदेशी असलेल्या जिल्हावासीयांची ऐच्छिक नोंद, पासपोर्टच्या प्रती, घरच्यांचे संपर्क आणि दूतावासाशी बोलणारा एक कर्मचारी, इतके त्याच कक्षात जोडता येईल. त्याला नवा कायदा लागत नाही आणि फार पैसाही नाही. वाशिमच्या जिल्हा प्रशासनाने ते आधी करावे, आणि तोवर आसेगावातल्या घरांनी परदेशातल्या आपल्या माणसाच्या पासपोर्टची पहिली आणि शेवटची पाने मागवून जपून ठेवावीत.